जुन्या वॅगनच्या दाराचे अस्तर

तळेगाव दाभाडे म्हटले की मराठेशाहीच्या वाचकाला सेनापती खंडेराव व उमाबाई दाभाडे आठवतात, स्वदेशीच्या अभ्यासकाला पैसा फंडाचा काच कारखाना आठवतो. परंतु शेवरोले गाड्यांच्या भारतीय इतिहासाचा अखेरचा अध्यायही याच गावाच्या औद्योगिक वसाहतीत घडला, आणि त्याचा पहिला अध्याय मुंबईत शिवडीला घडला होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

शेवरोले बनविणाऱ्या जनरल मोटर्सने शिवडीस १९२८ साली मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यावयाचे आणि गाडी येथे उभी राहावयाची. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने, १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींबरहुकूम, जे कारखानदार गाडीचे भाग येथेच घडविण्याचा क्रमवार कार्यक्रम हाती घेणार नाहीत त्यांना नुसती जोडणी करू द्यावयाची नाही असे धोरण धरले, तेव्हा १९५४ मध्ये त्या कंपनीने येथील काम गुंडाळले. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यास त्या धोरणाचा आधार मिळाला, हे देशाच्या हिताचेच झाले. मात्र ज्यांच्या दारी अमेरिकन स्टेशन वॅगन उभी होती, त्यांना प्रत्येक लहान वस्तूसाठी आयातीच्या परवान्याकडे डोळे लावून बसावे लागले.

अशा गाडीचा जो भाग सर्वांत आधी दुर्मिळ होतो तो इंजिनाचा नव्हे. इंजिनावाचून गाडी चालत नाही, म्हणून त्याचे भाग कोणीतरी साठवतो, कोणीतरी घडवतो; दाराच्या आतले अस्तर फाटले तरी गाडी धावतेच, आणि म्हणूनच ते कोणी साठवीत नाही. वॅगनच्या बाबतीत ही अडचण अधिक, कारण मागच्या सामानाच्या जागेच्या दोन्ही बाजूंची लांब अस्तरे व मागच्या दाराचे अस्तर त्याच बनावटीच्या साध्या मोटारीवरून काढून बसविता येत नाहीत, आणि पेट्या-ट्रंकांचे घाव सोसतात तीच नेमकी.

मावळचा पाऊस या नाशात आपला वाटा उचलतो. काचेच्या फटीतून पाणी दाराच्या पोकळीत उतरणारच, ते खालच्या छिद्रांतून वाहून जावे अशीच दाराची रचना असते. परंतु छिद्रे चिखलाने बुजली आणि अस्तरामागचा मेणकागद फाटला, म्हणजे पाणी लाकडी लगद्याच्या पुठ्ठ्यात मुरते, पुठ्ठा फुगून वाकतो, क्लिपा आपल्या जागा सोडतात. लोणावळ्याचा पाऊस तळेगावापर्यंत येता येता पुष्कळ ओसरतो खरा, तथापि पत्र्याच्या छपराखाली चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीला तेवढी ओलही पुरते.

या अडचणीतून जी विद्या वाढली ती गादीकाम करणाऱ्या कुशनवाल्यांची. क्लिपा हलक्या हाताने उचकटून जुने अस्तर सोडवावयाचे, ते जाड कागदावर ठेवून काचेच्या मुठीचे, कडीचे व प्रत्येक क्लिपेचे भोक नमुन्यावर उतरवावयाचे, आणि त्याबरहुकूम पातळ प्लायवूड कापावयाचे; एका बाजूचा नमुना उलटा केला की समोरच्या दाराचा होतो, पण जुन्या गाडीची दोन दारे तंतोतंत सारखी असतीलच असे नाही, म्हणून जाणता कारागीर दोन्ही बाजू मापून घेतो. मग कापसाचा किंवा फोमचा पातळ थर, त्यावर ताणलेले रेक्झिन, वळणावर कातरलेली कड, आणि मागे सोल्यूशनने चिकटविलेली दुमड. मूळ गाडीवर यंत्राच्या उष्णतेने दाबून उठविलेल्या रेघा असतील तर त्या हातशिलाईने हुबेहूब येत नाहीत. तेथे टाक्याची रेघ प्रामाणिकपणे दिसू द्यावी, हे माझे मत आहे. प्लायवूडच्या पाठीस व विशेषतः कडांस वॉर्निश देणे मात्र कोणी टाळू नये, कारण मूळ पुठ्ठा तेथूनच कुजला होता.

जनरल मोटर्स देशात परतल्यावर तिने २००८ साली तळेगावास प्रशस्त कारखाना उघडला, तेथे नव्या शेवरोले हजारोंनी निघाल्या. परंतु शिवडीच्या काळातील गाडीचे अस्तर तेव्हाही कारागिराच्या कात्रीतूनच निघत होते. डिसेंबर २०२० मध्ये ते उत्पादन थांबले आणि जानेवारी २०२४ पासून तो कारखाना ह्युंदाईकडे गेला आहे. आता त्या नव्या शेवरोलेही जुन्या होऊ लागतील. ज्यांच्या घरी अशी कोणतीही गाडी असेल, त्यांनी दाराचे अस्तर कितीही कुजलेले असले तरी त्याचा कागदी नमुना उतरवून घेण्यापूर्वी ते टाकू नये, आणि त्या नमुन्यावर गाडीचे साल व दाराची बाजू लिहून ठेवावी.