निरुपयोगी ठरणारी शास्त्रे

२०१७ मध्ये विद्यापीठांतील स्त्री-अभ्यास केंद्रांचे अनुदान अनिश्चित झाले. समाजशास्त्रादी विषयांना कात्री लावताना त्यांची उपयुक्तता विचारली जाते. तिचे उत्तर जयपूरच्या इतिहासात आहे. राजस्थानच्या महिला विकास कार्यक्रमातील (१९८४) ‘साथिन’ भंवरीदेवी यांनी भटेरी गावी बालविवाहास विरोध केला. १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. तेव्हा स्त्रीशिक्षण व संशोधन यांसाठी स्थापन झालेली जयपूरची ‘विशाखा’ अन्य संस्थांसह सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९७ च्या निर्णयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची व्याख्या केली. तिच्या पायावर २०१३ चा कायदा उभा राहिला. ज्या दुःखाला नाव नसते, त्याला न्यायही मिळत नाही. ते नाव शोधणाऱ्या शास्त्रांचे अनुदान तोडणे ही काटकसर नव्हे. तो न्यायाच्या मुळावरच घाव होय.