जुन्या मोटारीची बखर

कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून महाराष्ट्रास एक गोष्ट पटलेली आहे. इतिहास केवळ दरबारांत व रणांगणावर सांपडत नाहीं. तो माळ्यावर धूळ खात पडलेल्या रुमालांत, जमाखर्चाच्या वह्यांत आणि घरगुती पत्रांतहि सांपडतो. हीच दृष्टि ठेवून आपल्या मध्यमवर्गाच्या गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास कोणास लिहावयाचा असेल, तर त्यानें दारापुढें उभ्या असलेल्या जुन्या, लहान मोटारीची उपेक्षा करूं नये, असें आम्हांस वाटतें. तिच्या पुढच्या कप्प्यांतील नोंदणीपुस्तक, विम्याचे कागद व दुरुस्तीच्या पावत्या हें एक लहानसें दफ्तरच होय.

स्वातंत्र्यानंतर सुमारें पस्तीस वर्षें मोटार ही आपल्या वर्गाच्या आटोक्यांतील वस्तु नव्हती. सोलापुरास जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं मुंबईंत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट निघे. पुढें तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें प्रसिद्धीस आली. बंगालमध्यें उत्तरपाडा येथें ॲम्बॅसडर तयार होई. किती गाड्या काढावयाच्या, हें सरकारी परवान्यानें ठरे. १९८० च्या सुमारास साऱ्या देशांत वर्षाकाठीं चाळीस हजारांच्या आसपासच मोटारी तयार होत, आणि पैसे भरूनहि गिऱ्हाइकास वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. डॉक्टर, वकील, कारखानदार यांच्या दारीं मोटार दिसे; शिक्षकाच्या व कारकुनाच्या कुटुंबास आगगाडी, एस्. टी. आणि फार झालें तर एक स्कूटर, एवढ्यावरच भागवावें लागे.

हें चित्र पालटलें तें ‘मारुति ८००’ या गाडीनें. तिची जन्मकथा सरळ नाहीं. १९७१ सालीं संजय गांधी यांनीं उभारलेला मारुतीचा पहिला उद्योग बुडाला. त्यांच्या निधनानंतर १९८१ सालीं सरकारनें ‘मारुति उद्योग’ ही नवी कंपनी काढली व १९८२ सालीं जपानच्या सुझुकी कंपनीशीं करार केला. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या स्वाधीन झाली. किंमत सुमारें ४७,५०० रुपये होती. गाडी डोळ्यांस दिसण्यापूर्वींच लाखाहून अधिक लोकांनीं प्रत्येकीं १०,००० रुपये भरून नांवें नोंदविलीं होतीं. परवान्यांच्या बांधामागें केवढी इच्छा कोंडून पडली होती, याचा याहून निराळा पुरावा तो कोणता हवा?

गाडी जपानची असली, तरी तिच्या रचनेमागील कल्पना युरोपांतल्या होत्या. ॲलेक इसिगॉनिस यांनीं १९५९ च्या ‘मिनी’ गाडींत एंजिन आडवें बसवून त्याची शक्ति पुढच्याच चाकांस दिली. त्यामुळें मागल्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची जरूर उरली नाहीं, व गाडीची बहुतेक लांबी माणसांच्या वांट्यास आली. १९६१ च्या ‘रेनॉ ४’ या फ्रेंच गाडीस पाठीमागें वर उघडणारें दार होतें. या घडणीच्या गाडीस आज ‘हॅचबॅक’ म्हणतात. मारुतीचें तीन सिलिंडरांचें, ७९६ घनसेंटीमीटरचें एंजिन असेंच पुढें आडवें बसे. १९८६ सालीं तिला नवें रूप मिळालें, आणि पुढें पुष्कळ वर्षें तेंच रस्तोरस्तीं दिसत राहिलें. मागची बैठक पाडली कीं बिछाने, भांडीं, गणपतीची मूर्ति, कांहींहि तींत मावे.

या रचनेचा सामाजिक परिणाम आमच्या मतें फार मोठा झाला. पूर्वींच्या मोटारीबरोबर पुष्कळ ठिकाणीं पगारी ड्रायव्हर येई. ही गाडी घरच्या माणसांनीं स्वतः चालवावयाची होती. ती हलकी व लहान असल्यामुळें आमच्या ओळखीच्या किती तरी घरांतील स्त्रिया प्रथम तिच्यावरच मोटार शिकल्या. रात्रीं अपरात्रीं आजारी माणसास दवाखान्यांत न्यावें, मे महिन्यांत कोंकणांतून आंब्याच्या पेट्या आणाव्या, म्हाताऱ्या आईस पंढरपूर दाखवावें, यांसाठीं कोणाची मनधरणी करण्याचें कारण उरलें नाहीं. मध्यमवर्गास मोटार मिळाली, यापेक्षां स्वतःच्या वेळेवर निघण्याची मुभा मिळाली, हें अधिक महत्त्वाचें.

आमच्या घरची गाडी १९९७ सालीं पुण्यास घेतलेली आहे. थंडींत चोक ओढल्यावांचून ती जागी होत नाहीं, आणि तो वेळेवर आंत न ढकलल्यास पेट्रोलचा वास सुटतो. सुकाणूस यंत्राचें साहाय्य नाहीं. उभ्या गाडीचीं चाकें वळवितांना खांदे भरून येतात. खंडाळ्याच्या घाटांत तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर केव्हां यावें, हें एंजिनाचा आवाज ऐकून ठरवावें लागतें. परंतु तिच्यांत जें बिघडतें तें बहुधा डोळ्यांस दिसतें, आणि गल्लींतील मिस्त्री तें हातानें नीट करतो. पावत्यांचें बाड चाळूं लागलें कीं, क्लच केव्हां बदलला हें पाहतां पाहतां त्या वर्षींचें घरांतील लग्न आठवतें. बॅटरीच्या पावतीजवळ एखादें आजारपण उभें राहतें.

हें सारें ममत्व झालें, असें वाचक म्हणतील. आणि तो आक्षेप पोकळ नाहीं. १९९५ सालीं चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलें व तेथील नव्या गाड्यांस विषारी धूर निवविणारें उपकरण बसूं लागलें. आमच्या गाडींत तें नाहीं. आघाताच्या वेळीं फुगणारी उशी नाहीं, व पत्राहि पातळ आहे. एप्रिल २०१० मध्यें धुराचे कडक निर्बंध ज्या तेरा शहरांत प्रथम लागू झाले, त्यांत मुंबई, पुणें व सोलापूर हीं होतीं. तेथें या गाडीची विक्री थांबली, आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादनच बंद झालें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची ठरविली. पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांची मुदत मिळे. १ एप्रिल २०२२ पासून या फेरनोंदणीचें शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेलें. दिल्लीपुरता तर सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं पंधरा वर्षांवरील पेट्रोलगाड्या रस्त्यावरून काढण्याचा आदेश दिला.

वय मोजणें सोपें, प्रकृति तपासणें कठिण. म्हणून राज्यकर्ते वयाचा मार्ग धरतात. पण आठवड्यांतून एकदां मंडईपर्यंत जाणारी, निगा राखलेली जुनी गाडी आणि रात्रंदिवस भाड्यानें धांवून खिळखिळी झालेली गाडी यांस एकाच मापानें मोजणें न्यायाचें नव्हे. शिवाय नवी गाडी घडविण्यास लोखंड व कोळसा लागतोच. उलट, शहरांतील लहान मुलांच्या फुप्फुसांपुढें आमच्या आठवणींची मातबरी नाहीं, हेंहि तितकेंच खरें. म्हणून प्रत्येक गाडीची तपासणी कसून व्हावी, चिरीमिरीनें मिळणारीं प्रमाणपत्रें बंद व्हावीं, आणि जी उतरेल तिला वय न विचारतां भंगारांत धाडावें, हेंच आम्हांस योग्य दिसतें. २०२७ सालीं आमच्या गाडीची मुदत संपेल. त्या वेळीं ती कसोटीस उतरली नाहीं, तर तिच्यासाठीं रदबदली करण्याचा आमचा विचार नाहीं.

मात्र गाडी देतांना पुढचा कप्पा रिकामा करून घ्यावा, व त्यांतील कागद रद्दींत न टाकतां घरांत जपून ठेवावे, एवढी विनंति वाचकांस आहे. पेट्रोलचे भाव, विम्याचे दर, मिस्त्रीची मजुरी आणि एका कुटुंबाचें जाणें-येणें हीं एकत्र सांगणारें दुसरें साधन पुढील अभ्यासकास क्वचितच मिळेल.