वाशीम जिल्हा आणि संगणकाचे स्वाध्ययन

बालवयात स्वप्रयत्नाने संगणकाची आज्ञावली रचण्यास शिकलेल्या व्यक्तींच्या चरित्रांत बुद्धीचा व चिकाटीचा गौरव आढळतो. तो यथार्थच आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. शिकणाऱ्याच्या हाती आलेले साधन त्यास स्वतःची आज्ञा लिहू देत होते काय? वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

संगणकापूर्वीचे एक उदाहरण प्रथम पाहू. डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर हे देवळाली येथे शालेय शिक्षक होते. गणितातील पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. अंकांचा छंद मात्र शालेय वयापासून जडलेला होता. चार अंकी संख्येतील अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावेत, मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि हीच कृती पुनःपुन्हा करावी, अशी त्यांची रीत. ३५२४ घेतल्यास अनुक्रमे ३०८७, ८३५२ व ६१७४ येतात आणि ६१७४ पुढे बदलत नाही. सर्व अंक सारखे नसतील, तर अधिकात अधिक सात पायऱ्यांत हा शेवट गाठला जातो. निश्चित कृती, तिची आवृत्ती आणि थांबण्याची खूण ही आज्ञावलीची तिन्ही अंगे येथे आहेत. साधन केवळ कागद व पेन्सिल; पण त्यावर शिकणाऱ्याची पूर्ण सत्ता होती.

१९८४ मध्ये केंद्र शासनाच्या 'क्लास' योजनेतून सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. हे यंत्र सुरू करताच 'बेसिक' भाषेतील आज्ञेची वाट पाहत असे. काही लिहिल्यावाचून त्याचा उपयोगच होत नसे; त्यामुळे जिज्ञासू मुलास पहिली पायरी यंत्रच दाखवी. तथापि देशाच्या विस्ताराच्या मानाने शाळांची संख्या अत्यल्प होती.

वऱ्हाडात प्रतिभेची उणीव होती, असे म्हणता येणार नाही. १९९१ साली सिद्ध झालेल्या 'परम' महासंगणकाच्या कार्याचे नेतृत्व करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे; त्या वेळी वाशीमही त्याच जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला आणि २००१ मध्ये राज्यात 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रम सुरू झाला. त्याने संगणकाची भीती घालविली, हे त्याचे श्रेय निःसंशय होय. परंतु त्याचा रोख पत्रलेखन, तक्ते इत्यादी तयार साधने वापरण्यावर होता. पुढे आलेल्या मोबाइलवरही आज्ञावली लिहिता येते. मात्र ती सोय शोधावी लागते, आणि ती अस्तित्वात आहे हे ज्यास ठाऊक नाही तो ती शोधणार कशी?

याच काळात दिल्लीतील कालकाजी येथे १९९९ साली भिंतीत बसविलेल्या संगणकाचा प्रयोग झाला आणि पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यातही तो नेण्यात आला. कोणी न शिकविता मुले यंत्र हाताळू लागली. परंतु हाताळणे आणि रचणे या दोन भिन्न विद्या आहेत; एकीच्या प्रसारावरून दुसरीचा प्रसार गृहीत धरता येत नाही.

२०१८ मध्ये वाशीमची गणना देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाली. अशा जिल्ह्याची प्रगती यंत्रांच्या व प्रमाणपत्रांच्या संख्येवरून मोजली गेल्यास हा भेद दृष्टीआड होईल. किती मुलांनी स्वतःची एक तरी आज्ञावली लिहिली, ती चुकल्यावर दुरुस्त केली आणि पुन्हा चालविली, याची नोंद शाळाशाळांतून होणे अगत्याचे आहे. ती नसेल, तर भावी इतिहासकारास या जिल्ह्यात संगणकाचे वापरकर्ते दिसतील; रचनाकार होते किंवा नाही, हे त्यास सांगता येणार नाही.