शिष्यवृत्ती कशावर खर्च झाली?

आपल्याकडे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १० (१६) ने शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त ठेवली, आणि रकमेला मर्यादाही घातली नाही. पैसा शिक्षणासाठी दिला होता का, एवढाच प्रश्न. अमेरिकेत शिकायला गेलेला मराठी विद्यार्थी हाच हिशेब धरून बसतो आणि फसतो. तिथे पैसा नेमका कशावर गेला, हेही पाहतात.

अमेरिकी करसंहितेचे कलम ११७ पदवीसाठी शिकणाऱ्यालाच सवलत देते, तीही शिकवणी शुल्क, सक्तीची फी आणि अभ्यासक्रमाला आवश्यक पुस्तके-साहित्य यांपुरती. खोलीभाडे, जेवण, प्रवास यांवर गेलेली रक्कम उत्पन्नात मिळवली जाते. ही कात्री १९८६ च्या करसुधारणेने लावली. सरकारी पेल अनुदानही याच नियमात येते.

समजा, शिष्यवृत्ती ४२,००० डॉलर, शुल्क ३०,००० आणि पुस्तके १,०००. उरलेले ११,००० करपात्र. एफ-१ व्हिसावरच्या अनिवासी विद्यार्थ्याच्या या रकमेतून विद्यापीठ साधारणपणे १४ टक्के, म्हणजे १,५४० डॉलर आधीच कापून घेते. एरवी अनिवासींना प्रमाणित वजावट मिळत नाही. भारतीय विद्यार्थी मात्र भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१ (२) मुळे ती मागू शकतो. २०२४ साठी ती १४,६०० डॉलर होती, म्हणजे दुसरे उत्पन्न नसेल तर संघीय कर शून्य. पण १०४०-एनआर विवरणपत्र भरल्याशिवाय कापलेले पैसे परत येत नाहीत. आळसापायी हे पैसे सोडून देणे मला तरी परवडण्यासारखे वाटत नाही.

शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा मोबदला हा सरळ पगारच, नाव शिष्यवृत्तीचे असले तरी. अशा पदव्युत्तर साहाय्यकांना मिळणारी शुल्कमाफी मात्र करमुक्त असते. २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या विधेयकाने तीही करपात्र करायचे ठरवले होते. विरोधानंतर अंतिम कायद्यातून ते कलम गळाले.

अमेरिकी नागरिक विद्यार्थ्यांसाठी आणखी एक उफराटी गोष्ट आहे. शिक्षणखर्चाच्या पहिल्या ४,००० डॉलरवर २,५०० पर्यंत करसवलत मिळते, पण करमुक्त अनुदानातून भागलेला खर्च त्यात धरत नाहीत. म्हणून अनुदानाच्या अटी आड येत नसतील, तर त्यातला काही भाग मुद्दाम राहण्या-जेवणाच्या खाती दाखवून त्यावर कर भरणे कित्येकांना फायद्याचे पडते.