मळी आणि मोटार : एका सक्तीचा इतिहास

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची सक्ती आज नवे धोरण म्हणून चर्चेत आहे. मला ती एका जुन्या प्रश्नाची पुढची पायरी वाटते. तो प्रश्न मुळात इंधनापेक्षा मळीचा होता.

१९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण मिळाले, कारखाने वाढले आणि साखरेमागे उरणाऱ्या मळीचे काय करायचे, हा पेच उभा राहिला. संयुक्त प्रांताने १९४० मध्ये ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा केला, १९४८ मध्ये केंद्राने देशासाठी केला. तो २००० मध्ये रद्द झाला. पण पुढच्याच वर्षी मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला येथे मिश्रणाचे प्रयोग सुरू झाले. जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण आले. उसाचे उत्पादन घटताच तेही अडखळले. म्हणजे मिश्रणाचे प्रमाण कारखान्याच्या आवारात ठरत होते. मोटारीला कोणी विचारले नव्हते.

पाच टक्क्यांना हे खपले. वीस टक्क्यांची गोष्ट वेगळी आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे पाचवा हिस्सा इथेनॉल असेल, तर लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या मोटारींसाठी जवळपास एवढीच घट सांगितली आहे. तशा दुचाकींसाठी तीन ते चार टक्के. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी इंधन वाढवून तो फरक भरून काढते. कार्ब्युरेटरचे जेट मात्र ठरलेले; तिथे मिश्रण पातळ होते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते आणि त्यासाठी न बनवलेले रबरी नळ व वायसर फुगवते.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक चांगला असतो, हे खरे. पण त्याचा लाभ जास्त कॉम्प्रेशनच्या, त्यासाठीच घडवलेल्या इंजिनाला मिळतो. आपल्याकडे वीस टक्क्यांना टिकणाऱ्या साहित्याच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या आणि २०२५ मध्ये देशाने वीस टक्क्यांचे लक्ष्य गाठले. दुचाकी मात्र दहा-पंधरा वर्षे वापरली जाते. ही तफावत कोणत्या कायद्याने भरून निघणार?

ब्राझीलने १९७५ मध्ये मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि १९७९ मध्ये फक्त अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ रस्त्यावर आणली. तिथे इंधनासाठी इंजिन घडवले गेले. तरीही १९८९-९० च्या टंचाईत त्या गाड्यांवरचा विश्वास उडाला. तो परत आला २००३ च्या फ्लेक्स मोटारींमुळे, कारण काय भरायचे हे पंपावर ग्राहक ठरवू लागला.

आयात तेलाचे ओझे कमी व्हावे, ऊसउत्पादकाचे पैसे वेळेवर मिळावेत, याला माझा विरोध नाही. ती सार्वजनिक हिताची कामे आहेत. पण सार्वजनिक हिताची किंमत जुन्या दुचाकीवर कामाला जाणाऱ्याच्या खिशातून गुपचूप जाऊ नये. जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचे इंधन पंपावर ठेवावे आणि लिटरमागे घटलेल्या ऊर्जेइतका दर कमी असावा, एवढी मागणी या इतिहासातून सरळ निघते.