प्रतिकृतीतील मोटार : संचात नसलेले तपशील

शेव्हरोले बेल एअर ही १९५७ सालची अमेरिकी मोटार प्रत्यक्षात सुमारे ५.०८ मीटर लांब. १/२५ या प्रमाणात तिची प्रतिकृती केली की ती जेमतेम २० सेंटिमीटरची होते. अशा अभिजात मोटारींचे प्लॅस्टिकचे सुटे भाग आणून ते जुळवण्याचा छंद अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये अनेक दशकांपासून रुजला आहे. अमेरिकेत या छंदाला खरी चालना मिळाली ती १९५८ साली. मोटारविक्रेत्यांसाठी जाहिरातीची छोटी मॉडेल्स बनवणाऱ्या एएमटी या कंपनीने त्या वर्षी एकाच संचातून तीन निरनिराळ्या प्रकारे मोटार जुळवता येईल असे संच बाजारात आणले. मात्र सूचनापत्रकाबरहुकूम जुळवलेली मोटार देखणी असली तरी मूळ मोटारीचे कितीतरी बारकावे तिच्यात नसतात. ते हाताने घडवून बसवण्याच्या कामाला ‘डिटेलिंग’ म्हणतात.

साच्याची मर्यादा

संचातील भाग पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक वितळवून, दाबाखाली पोलादी साच्यात भरून तयार केले जातात. साच्यातून भाग न तुटता सुटावा, यासाठी त्याला पुरेशी जाडी द्यावी लागते. १/२५ प्रमाणात १ मिलिमीटर जाडीचा भाग म्हणजे प्रत्यक्षातील २५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच. साहजिकच दाराची कड, वायपर, एरियल हे सारे संचात गरजेपेक्षा जाड दिसते. इंजिनवरच्या वायरी आणि इंधनाच्या नळ्या तर बहुतेक संचांत नसतातच.

नऊ वायरींचा हिशेब

बहुतेक जण सुरुवात करतात ती स्पार्क प्लगच्या वायरींपासून. बेल एअरच्या २८३ घनइंची व्ही-८ इंजिनात आठ सिलिंडर आहेत. त्यामुळे डिस्ट्रिब्युटरपासून प्लगपर्यंत आठ आणि कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत एक, अशा एकूण नऊ वायरी लागतात. त्या काळातील अशा वायरीची जाडी सुमारे ७ मिलिमीटर असे. तिला २५ ने भागले की ०.२८ मिलिमीटर येते. त्याऐवजी हाताशी आली ती १ मिलिमीटरची वायर वापरली, तर इंजिनवर बागेला पाणी घालायच्या नळ्या पसरल्यासारखे दिसते. मोडक्या लहान मोटरच्या वेटोळ्यातील बारीक तांब्याची तार काळ्या रंगात बुडवून घेतली तरी काम भागते. शिवणाचा दोरा मात्र टाळावा; त्याचे तंतू रंगवल्यावरही उठून दिसतात.

वायर कोठून कोठे जाते, हा खरा प्रश्न. या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला, चालककक्षाच्या भिंतीजवळ असतो. मोटारीच्या डाव्या बाजूला १, ३, ५, ७ आणि उजव्या बाजूला २, ४, ६, ८ या क्रमांकांचे सिलिंडर आहेत. त्यांच्या प्रज्वलनाचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर वायरी याच क्रमाने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बसतात. टोपणाला ०.३ मिलिमीटरची छिद्रे हातड्रिलने पाडून, प्रत्येक वायर तिच्या सिलिंडरपर्यंत नेणारा कारागीर ते इंजिन कसे चालत असे, हे नकळत शिकून जातो.

वर्ख, भुकटी आणि तापवलेले प्लॅस्टिक

खिडक्यांच्या कडांवरील क्रोमच्या पट्ट्या रंगाने काढल्या तर निस्तेज दिसतात. त्यासाठी चिकट पाठीचा, अतिशय पातळ धातूचा वर्ख मिळतो. रंग पूर्ण वाळल्यावर तो पट्टीवर लावून टूथपिकने दाबतात आणि नव्या कोऱ्या ब्लेडने कडेकडेने कापतात. ब्लेड बोथट असेल तर वर्ख फाटतो आणि खालचा रंगही ओरखडतो. आतील गालिच्यासाठी ओल्या रंगावर तंतूंची बारीक भुकटी भुरभुरवतात. एरियलसाठी सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात, तिचाच तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ झाला की अलगद ताणतात. त्यातून केसासारखी बारीक काडी मिळते.

काय जोडू नये

खरी कसोटी असते ती काय वगळायचे, हे ठरवण्यात. संदर्भासाठी अनेक जण मोटार प्रदर्शनांतील छायाचित्रे वापरतात. पण आज रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या मोटारींत मालकांनी सोयीसाठी किंवा सुरक्षेसाठी बदल केलेले असतात. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर येतो, ड्रम ब्रेकऐवजी डिस्क ब्रेक बसतात. १९५७ च्या शेव्हरोलेत यातले काही नव्हते. आसनपट्टे हे तेव्हा जादा पैसे देऊन घ्यायचे साधन होते. अमेरिकेत नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले १९६८ पासून. बॉनेटवरील ‘व्ही’ हे चिन्हही शोभेचे नव्हे, ते व्ही-८ इंजिनाची खूण आहे. बेल एअरवर ते सोनेरी, तर स्वस्त मॉडेल्सवर चंदेरी असे. म्हणून सहा सिलिंडरच्या मोटारीवर हे चिन्ह लावणे चूकच ठरते. कारखान्याची माहितीपत्रके आणि दुरुस्तीपुस्तिका हा यासाठी अधिक विश्वासार्ह आधार होय.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. प्रत्येक भाग गोंद न लावता आधी बसवून पाहावा, कारण वायरी जोडल्यावर बॉनेट बंद होत नाही, हे शेवटी कळून उपयोग नसतो. एकदा पाडलेले छिद्र बुजवता येते, पण त्याची खूण पुरती पुसली जात नाही. उत्पादन थांबलेल्या जुन्या संचावर काम करताना तर दुसरा भाग मिळेल याची खात्रीच नसते.

बॉनेट लावल्यावर या नऊ वायरी कोणाला दिसत नाहीत. तरीही त्या बिनचूक असण्याला अर्थ आहे. मूळ मोटारी दुरुस्तीगणिक बदलत जातात. अशा वेळी एखादी मोटार कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा नेमकी कशी होती, हे नीट अभ्यासून केलेली २० सेंटिमीटरची प्रतिकृती अधिक प्रामाणिकपणे सांगू शकते.