आरशातला आडवा आठ

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. शिरवळ मागे टाकून पुण्याकडे येत होतो, वेग पासष्टच्या आसपास. उजव्या आरशात पाहिलं तर मागच्या वाहनाचे दिवे गोल दिसेनात. प्रत्येक दिव्याची एक चमकती रेघ झाली होती आणि ती रेघ वळून स्वतःलाच कापत होती. इंग्रजी आठ, आडवा पाडलेला. दोन दिवे, दोन आठ. ट्रक आहे की कार, जवळ आहे की लांब, काही कळायला मार्ग नाही. लेन बदलायची होती म्हणून मान वळवून मागे पाहिलं. ट्रक होता, आणि मला वाटलं होतं त्याच्या निम्म्या अंतरावर होता. मी होतो त्या लेनमध्येच राहिलो. तो हॉर्न दाबत शेजारून गेला, आणि मग जाणवलं की माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मला लागतच नाहीयेत. बधिर झाली होती.

गाडी जुनी, एका सिलिंडरची. तिला नाव ठेवण्याआधी एक कबुली द्यायला हवी, पण ती पुढे देतो. आधी त्या आठची गोष्ट.

घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं, की हा आठ मी शोधलेला नाही. ज्यूल लिसाजू नावाच्या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने तो १८५०च्या दशकात मुद्दाम घडवून आणला होता. ट्यूनिंग फोर्कच्या टोकाला त्याने छोटा आरसा चिकटवला. आरशावर प्रकाशाची तिरीप टाकली, ती परावर्तित होऊन दुसऱ्या, आडव्या थरथरणाऱ्या फोर्कच्या आरशावर गेली आणि तिथून पडद्यावर. कानाला ऐकू येणारं कंपन डोळ्यांना दिसू लागलं. दोन्ही फोर्क एकाच गतीने हलले तर पडद्यावर लंबवर्तुळ उमटतं. उभा फोर्क आडव्याच्या दुप्पट वेगाने हलला तर आडवा आठ. या आकृत्यांना आजही लिसाजूचंच नाव आहे. आता मोटारसायकल बघा: लांब दांडीच्या टोकाला आरसा, दांडी हँडलला घट्ट, हँडलखाली धडधडणारं इंजिन, मागून येणारा दिव्याचा झोत. लिसाजूच्या प्रयोगशाळेतलं सगळं साहित्य हजर आहे. फक्त प्रयोग करायची आपली इच्छा नसते.

आरसा एवढा निर्दयी का, याचं उत्तर शाळेच्या पुस्तकात आहे. आरसा अर्धा अंश कलला की परावर्तित किरण एक अंश फिरतो, म्हणजे दुप्पट. पन्नास मीटर मागे असलेल्या ट्रकसाठी एक अंश म्हणजे जवळजवळ नव्वद सेंटिमीटर. हाताला जेमतेम जाणवणारी थरथर आरशात अशी मोठी होऊन दिसते.

वाहनावरचा आरसा आणि थरथर यांचं नातं तर आरशाच्या पहिल्याच प्रसिद्ध वापरापासूनचं. ३० मे १९११ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिसला पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. त्या काळी गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे; मागून कोण येतंय हे सांगणं हेही त्याचं काम. रे हॅरून मात्र एकट्याच्या बसण्याची गाडी घेऊन उतरला. बाकीच्यांनी तक्रार केली, याला मागचं दिसणार कसं? हॅरूनने समोर एक आरसा बसवला, आणि शर्यत जिंकला. मागचं दाखवणाऱ्या आरशाची कथा सांगताना सगळे इथेच थांबतात. पुढचा भाग जास्त मजेशीर आहे. ती धावपट्टी सुमारे बत्तीस लाख विटांची होती, आणि हॅरूनने नंतर कबूल केलं की आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसतच नव्हतं. तो न बघताच जिंकला!

हॅरूनच्या आरशाला विटांनी हलवलं. आपल्या आरशाला आपलंच इंजिन हलवतं.

किती, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. उदाहरणाला जुन्या बुलेट ३५०चं इंजिन घेऊ, कारण त्याची मापं सगळ्यांना पाठ असतात: सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनचा वर-खाली प्रवास ९० मिलिमीटर. मिनिटाला ४००० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे ६७. तेवढ्या वेळा पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. थांबून उलट फिरताना त्याला मिळणारा त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या आठशे पट भरतो. पिस्टन आणि त्याच्यासोबत हलणारं सामान अर्धा किलो धरलं, तर फ्रेमला बसणारा झटका सुमारे चारशे किलो वजनाएवढा. एकदा वर, एकदा खाली, सेकंदाला ६७ वेळा. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होत जातो त्यामुळे या ठेक्यावर एक दुप्पट वेगाचा, कमी जोराचा ठेका चढतो. म्हणजे लिसाजूच्या आठला लागणारे दोन्ही ठेके इंजिन स्वतःच पुरवतं. आणि फेरे निम्मे केले की जोर निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो. म्हणून तीच गाडी चाळीसला गायीसारखी वाटते आणि सत्तरला अंगात आल्यासारखी.

यावर पहिला उपाय सुचतो तो असा की क्रँकवर, पिस्टनच्या विरुद्ध बाजूला, तेवढंच वजन लावावं. पिस्टन वर, वजन खाली, फिट्टंफाट. पण वजन गोल फिरतं आणि पिस्टन सरळ रेषेत हलतो. पिस्टन मध्यावर असतो तेव्हा वजन पुढे किंवा मागे झेपावत असतं आणि तिथे त्याला आवरणारं कुणी नसतं. उभी थरथर गेली आणि तेवढीच आडवी आली. मग इंजिनिअरांनी तडजोड केली: पूर्ण नाही, साधारण निम्म्याच्या आसपास वजन लावायचं. नेमकं किती, हे फ्रेम बघून, गाडी चालवून ठरायचं. या तडजोडीत मला या सगळ्या इतिहासाचं सूत्र दिसतं. थरथर मारता येत नाही असं धरून तिला कुठे पाठवायचं एवढंच बहुतेकांनी ठरवलं. वरून बाजूला, बाजूने रबरात, रबरातून कुठेतरी. आणि जी कुठेच मावली नाही ती हँडलमधून चालवणाऱ्याच्या हातात आली.

दोन सिलिंडर आले तेव्हा प्रश्न सुटायला हवा होता. १९२३च्या बीएमडब्ल्यू आर ३२मध्ये तो बऱ्यापैकी सुटलाही. दोन सिलिंडर समोरासमोर आडवे, दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत, एकाचा झटका दुसरा खातो. पण इंग्लंडने दुसरी वाट धरली. १९३७ साली एडवर्ड टर्नरची ट्रायम्फ स्पीड ट्विन आली, ४९८ सीसी, दोन उभे सिलिंडर शेजारी शेजारी, दोन्ही पिस्टन एकत्रच वर आणि एकत्रच खाली. पेटण्याचा ठेका सुरेख समान, दिसायला देखणी, पण तोल मात्र सिंगलचाच. पाचशेला हे चालून गेलं. मग अमेरिकेच्या बाजारासाठी ६५० झाली, पुढे ७५०, आणि इतर ब्रिटिश कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. बल्बच्या तारा तुटायच्या, टाक्यांना चिरा पडायच्या, नट गळून रस्त्यावर राहायचे. या गाड्यांवर जीव टाकणारे लोक आजही हे कौतुकाने सांगतात. मला त्या कौतुकाचं थोडं नवलच वाटतं.

नॉर्टनचं ७४५ सीसीचं इंजिन तर पुरतं बदनाम होतं. नवीन इंजिन बनवायला ना पैसा होता ना वेळ. तेव्हा श्टेफान बावर, बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग यांच्या चमूने इंजिनाला हात न लावता त्याची वस्तीच बदलली. रबरावर इंजिन बसवायची कल्पना जुनीच. अडचण अशी की इंजिन रबरावर डोललं तर चेन ओढली जाते आणि मागचं चाक रेषेत राहत नाही. त्यांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा स्विंगआर्म हे सगळं एकत्र जोडलं आणि तो आख्खा गठ्ठा रबरावर ठेवला. फ्रेम, सीट, हँडल, पुढचं चाक हे रबराच्या अलीकडे. गठ्ठ्याने वर-खाली हवं तेवढं हलावं, पण बाजूला हलू नये म्हणून पातळ चकत्या घालून फट मोजून ठेवलेली. ही १९६७ची नॉर्टन कमांडो. ब्रिटनच्या मोटरसायकल न्यूज साप्ताहिकाच्या वाचकांनी १९६८पासून सलग पाच वर्षं तिला वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवलं.

सिग्नलला उभी असताना मात्र कमांडोचं पुढचं चाकसुद्धा उड्या मारताना दिसायचं आणि आरशात धुकं. रबर स्वतःच्या ठेक्याहून बऱ्याच वेगवान थरथरीलाच अडवतं; मंद थरथरीपुढे उलट तेच नाचायला लागतं. फेरे अडीच-तीन हजारांवर गेले की जादू झाल्यासारखं सगळं शांत. आणि त्या चकत्या वेळच्या वेळी नीट केल्या नाहीत तर वळणावर गाडी सैल वाटायची. थरथर गेली, देखभालीची जबाबदारी मालकाच्या गळ्यात आली.

खरा तोडगा तोपर्यंत साठेक वर्षं जुना झाला होता. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मोटारींसाठी उलट फिरणाऱ्या वजनदार दांड्यांची कल्पना मांडली होती. क्रँकवरचं वजन बाजूला झेपावतं ना, मग तेवढंच वजन उलट दिशेने फिरवा. आडवे झटके एकमेकांना खातील, उभे मिळून पिस्टनला आवरतील. मोटारसायकलवर हे रुळायला सत्तरचं दशक उजाडलं. १९७२ साली यामाहाने टीएक्स ७५० दाखवली. तिच्या बॅलन्सरची वजनं तेल घुसळून फेस करायची आणि बेअरिंगं कोरडी पडायची, त्यात तिचं नाव गेलं. पण कल्पना टिकली आणि आज बॅलन्सर शाफ्ट साध्या गाड्यांतही असतो. आपल्याकडे १९५५पासून मद्रासला बनत आलेल्या बुलेटच्या घराण्यात तो २०२० साली, मिटिऑर ३५०च्या इंजिनाबरोबर आला. ‘आता तिच्यात जीव उरला नाही’ हे वाक्य तेव्हा मी निदान चार जणांकडून ऐकलं. हार्ले-डेव्हिडसनने तर २०१७च्या टूरिंग गाड्यांसाठी बॅलन्सर मुद्दाम अपुरा ठेवला, पाऊण भाग थरथर मारायची आणि पाव भाग गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी सोडायची!

हा ‘जीव’ रविवारी चार तास चालवणाऱ्याला परवडतो. १९१८च्या हिवाळ्यात डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन इंडियाना राज्यातल्याच बेडफर्ड गावी गेल्या होत्या, म्हणजे हॅरूनच्या धावपट्टीपासून फार लांब नाही. तिथले पाथरवट हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांनी चुनखडीचा दगड घडवत. थंडीच्या सकाळी त्यांची बोटं पांढरीफटक आणि बधिर पडत; छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताची जास्त. हॅमिल्टन यांनी हे हत्याराच्या कंपनामुळे होतं असं नोंदवलं. हाताला पोचणाऱ्या कंपनावर युरोपने २००२ साली आठ तासांच्या कामासाठी मर्यादा घालून दिली. हँडल म्हणजे हातोडा नव्हे, आणि माझी बोटं दहा मिनिटांत ताळ्यावर आली. पण जपानमध्ये मोटारसायकलवर काम करणाऱ्या वाहतूक पोलिसांची तपासणी झाली तेव्हा बोटांचा बधिरपणा आणि आखडलेले खांदे तिथेही निघाले. दिवसाला दहा-बारा तास हँडल धरून जेवणाचे डबे पोचवणारा मुलगा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. त्याला इंजिनातला जीव नको असतो, हातातला हवा असतो.

आता कबुली. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात नेली. काकांनी इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट तपासले, एक जरा सैल होता, तो आवळला. मग हँडलच्या टोकांकडे पाहिलं.

“हँडलची वेटं कुठं गेली रे?”

“काढली काका. हँडगार्ड लावायचे होते, त्यात बसत नव्हती.”

“आणि ती काय शोभेला दिली होती का कंपनीनं?”

खरं तर मला तसंच वाटत होतं. हँडल म्हणजे मध्यभागी पकडलेली पोकळ नळी. तिची दोन मोकळी टोकं ट्यूनिंग फोर्कच्याच जातीची. प्रत्येक नळीचा स्वतःचा एक ठेका असतो आणि इंजिनाचा ठेका त्याला जुळला की ती बेभान होते. टोकाला वजन लावलं की ठेका मंद होतो, आणि रोजच्या वेगात ही जुळणी होत नाही. शिवाय जड टोक मुळात कमी हलतं. मी दोन्ही वजनं काढून नळीचा ठेका वर चढवला होता, तो बरोबर पासष्टला इंजिनाला जाऊन मिळाला. आरशाच्या दांडीचंही तेच. वर्षानुवर्षं कुणीतरी मापून बसवलेली गोष्ट मी पाच मिनिटांत स्क्रू-ड्रायव्हरने काढून ड्रॉवरमध्ये टाकली होती.

ड्रॉवरमधली वजनं आणली, काकांनी बसवली, आरशाच्या बुडाशी रबराची एक वॉशर घातली. हँडगार्ड एका मित्राला दिले. त्याला आधी सगळं सांगितलं, त्याने तरी घेतले. त्या रात्री पुन्हा हायवेला गेलो. पासष्टला मागचे दिवे दोन स्वच्छ ठिपके होते. पन्नासला, चौथ्या गिअरमध्ये, तो आठ पुन्हा दिसला, अंगठ्याच्या नखाएवढा. मी गिअर खाली घेतला.